अक्रोडाचा उन्हाळा

अमरावतीत अक्रोड होत नाही, असं कुणी म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. होतो. मी करून दाखवलेला आहे. फळं लागली नसती, हे मलाही ठाऊक आहे. पुढे एका जाणत्या माणसानं समजावून सांगितलं, की त्या झाडाला हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी लागते, वर चिखलदऱ्याला एखादवेळी जमेल, खाली आपल्या काळ्या मातीत नाही. ठीक आहे. पण मला फळं कुठं हवी होती? मला अकोल्याला जायचं होतं. अक्रोड हे त्याचं निमित्त होतं, आणि ते निमित्त माझ्या घरच्यांनी मारलं. हे मी इतकी वर्षं कुणाजवळ बोलले नाही. आता सगळी माणसं गेली. बोलल्यानं कुणाचं काही बिघडणार नाही.

आमचे अण्णा वकील. कोर्टात त्यांची मराठी अशी शुद्ध, की पुण्याच्या माणसानं मान डोलवावी. घरी आले, काळा कोट खुंटीला अडकवला, की भाषाही तिथंच टांगायचे. "काहून गं, पाणी आणतं का नाही?" असं ओसरीवरूनच सुरू. खरं बोलावं, शब्द पाळावा, हे त्यांचं घरातलं मुख्य शिक्षण. मी लहानपणी एकदा गूळ खाऊन नाही म्हटलं, तर त्यांनी मला मारलं नाही, समोर बसवून पक्षकारासारखी उलटतपासणी घेतली. मार परवडला असता. आई त्यांच्यापुढं फारशी बोलायची नाही. तिचं बोलणं स्वयंपाकात असायचं. खुशीत असली की पातोड्यांचा रस्सा, रागात असली की नुसती भाकरी आणि ठेचा. आम्हाला ताट पाहून घरातली हवा कळायची.

आणि माईआत्या. अण्णांची धाकटी बहीण, मुलींच्या शाळेत शिक्षिका. तिचं लग्न ठरून मोडलं होतं, का मोडलं ते आमच्या घरात विचारायचं नसे. ती आणि मी एका खोलीत राहायचो. मी बोलायला लागले तेव्हापासून माझी वेणी तिनं घातली, माझ्या डोक्याला तेल तिनं लावलं, मला झाडांची नावं तिनं शिकवली. शाळेतून आली की चहा घेता घेता ती दिवसभराचं सगळं मला सांगायची. हेडबाई काय बोलल्या, कोणत्या पोरीनं शुद्धलेखनात काय दिवे लावले, सगळं. आणि मी हसले की तिचा शिणवटा जायचा. आईपेक्षा मी तिची होते, असं लोक म्हणायचे. आईसुद्धा म्हणायची, आणि म्हणताना तिला काय वाटत असेल ते आज कळतं.

अकोल्याला मामा राहायचा. त्याच्या घरापासून शेतकी कॉलेजची शेतं जवळ. एका दिवाळीच्या सुटीत मी तिकडं भटकत असताना एक मुलगी पाहिली. असेल माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. वाफ्यात उकिडवी बसून ती संत्र्याच्या रोपावर कलमाचा डोळा बांधत होती. कोपरापर्यंत माती, ओढणी कमरेला खोचलेली, शेजारी दोन मुलं तिला विचारून विचारून तेच करत होती. तिनं सालीत चीर दिली, डोळा आत सरकवला, पट्टी गुंडाळली, आणि पुढच्या रोपाकडं सरकली. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र ऊन होईपर्यंत तिथं उभी. मला काय व्हायचंय ते त्या सकाळी ठरलं, आणि त्यात पुन्हा कधी बदल झाला नाही. झालं काहीच नाही, ती गोष्ट वेगळी.

घरी येऊन सांगितलं तर अण्णा हसले. "शेतकी? आपल्या घरात कोणाच्या नावावर वावर आहे का? अन् पोरीनं होस्टेलात राहून चिखल तुडवायचा? इथंच बी.ए. कर. आत्यासारखी मास्तरीण हो." त्या दिवशी माझ्या बाजूनं बोललं कोण? माईआत्या. "दादा, तिले हात आहे झाडाचा. मी पाहून राहिली नं लहानपणापासून." अण्णा म्हणाले, हात आहे म्हणजे काय, कुंडीतला मोगरा तर सगळ्यांनाच फुलतो. तेव्हा आत्या आतून एक पिशवी घेऊन आली. शाळेच्या शिक्षिकांबरोबर ती काश्मीर पाहून आली होती, तिथून तिनं अख्खे, कवचासकट अक्रोड आणले होते. ते तिनं अण्णांपुढं ठेवले. "हे उगवून दाखवलं तर?"

अण्णांना पैज आवडली. "अमरावतीत अक्रोड! मग आपण कापूस काश्मिरात पाठवू." पण त्यांनी अट घातली, आणि ती सगळ्यांसमोर घातली. नुसतं उगवून चालणार नाही, रोपानं अमरावतीचा उन्हाळा काढला पाहिजे. "मृग लागेपर्यंत हिरवा राहिला, तर अकोल्याचा फॉर्म मी स्वतः आणून देईन. शब्द आहे माहा." आत्या म्हणाली, "वकील आहेस दादा, शब्द फिरवू नको." आणि माझ्याकडं पाहून तिनं डोळा मिचकावला. त्या डोळा मिचकावण्यावर मी पुढचं सगळं वर्ष जगले.

अक्रोड उगवायचा कसा, ते मामाच्या मार्फत कॉलेजातल्या एका सरांना विचारून घेतलं. आधी पाण्यात टाकायचे. तरंगतील ते पोकळ, बुडतील ते घ्यायचे. मग ओल्या वाळूत घालून सगळा हिवाळा गारठ्यात ठेवायचे, म्हणजे बीला वाटतं की बर्फ पडून गेला. आमच्याकडं बर्फ पडणारी जागा एकच, नवा फ्रिज. डालड्याच्या डब्यात ओली वाळू भरून, त्यात अक्रोड पुरून मी डबा फ्रिजमध्ये ठेवला, तेव्हा आईनं आकांत केला. "नैवेद्याच्या दुधाजवळ माती? देव काय म्हणन?" शेवटी डब्याला जुन्या साडीचा तुकडा बांधला, दुधाचं पातेलं वरच्या कप्प्यात गेलं, आणि दिवाळी संपल्यापासून शिवरात्रीपर्यंत आमच्या फ्रिजमध्ये काश्मीर राहिलं. पाहुणे सरबताला बर्फ काढायला जायचे आणि विचारायचे, हे काय? आई कपाळाला हात लावायची. पण एकदाही तिनं डबा बाहेर काढला नाही.

बारावीची परीक्षा तोंडावर आलेली असताना मी डबा उघडला. बहुतेक अक्रोड कुजले होते, वाळूला आंबूस वास येत होता. एकाच्या कवचाची शिवण मात्र उकललेली, आणि त्यातून पांढरं, करंगळीएवढं मूळ बाहेर आलेलं. मी ओरडले. आत्या पूजेवरून धावत आली. आम्ही दोघी त्या मुळाकडं पाहत फरशीवर बसलो आणि ती रडली. ते रडणं खरं होतं, हे मला आजही मान्य आहे. गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडून त्यात तो लावला. परीक्षा संपेपर्यंत त्याला पानांच्या दोन फांद्या फुटल्या. पान चुरगाळलं की औषधासारखा, लिंबासारखा, असा काहीतरी वेगळाच वास यायचा. अण्णा कोर्टात जाताना थांबून वाकून पाहायचे. "आहे का जिता?" म्हणायचे, आणि थोडे अस्वस्थ व्हायचे.

उन्हाळा लागला की आमच्या घराला दोन आवाज असत. एक कूलरचा. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी गळायचं, पंखा घोंघावायचा, आणि त्या ओल्या वासात दुपारी सगळं घर आडवं व्हायचं. माझा डबा आत्याच्या खोलीत कूलरच्या वाऱ्यात असायचा. डब्याला ओलं पोतं गुंडाळायचं, पहाटे माठातलं पाणी घालायचं, सकाळचं कोवळं ऊन तेवढं दाखवून पुन्हा आत. दुसरा आवाज रविवारचा, आइस्क्रीमच्या पॉटचा. अण्णांचे मित्र जमायचे, फॅक्टरीतून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी यायची, ती पोत्यात घालून मोगरीनं ठोकायची, लाकडी बादलीत बर्फाचा थर, खड्याच्या मिठाचा थर, पुन्हा बर्फ. मधल्या डब्यात आटवलेलं दूध आणि आंब्याचा रस. मग पाळीपाळीनं दांडा फिरवायचा. बादलीच्या भोकातून गार, खारं पाणी गळून खाली घमेल्यात साचायचं.

ते पाणी कुठं टाकायचं, याचा आमच्या घरात कायदा होता आणि तो आत्याचा होता. मी लहान असताना कुणीतरी ते जाईच्या वेलाला घातलं होतं. गार पाणी, झाडाला बरं, म्हणून. चार दिवसांत वेल जळून गेला. तेव्हापासून दर रविवारी दांडा थांबला, की आत्याचा आवाज यायचाच. "ते पाणी मोरीत टाका हो. झाडाले नको." अण्णांचे मित्र तिची नक्कल करायचे. कुणी घमेलं उचललं, की सगळे एकसुरात म्हणायचे, झाडाले नको! ती लटक्या रागानं पदर सावरायची. घरातल्या पोराटोरांना, भांडेवालीला, सगळ्यांना ते पाठ होतं.

त्या उन्हाळ्यात आत्या मला तेल लावताना गप्प गप्प असे. एकदा म्हणाली, "अकोल्याले तुले कोण तेल लावून देईन?" मी हसून म्हटलं, होस्टेलात तेल कोण लावतं, मी केसच कापणार आहे. तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला, जरा जोरात. मला तेव्हा काही जाणवलं नाही. अठराव्या वर्षी माणूस आपल्याच आनंदात असतो, आणि असावं. त्यात माझी चूक मी मानत नाही.

मे महिना अर्धा सरला असेल, मामाच्या मुलीचं लग्न निघालं. आई आणि मी आठ-दहा दिवस अकोल्याला जाणार, अण्णा लग्नापुरते येऊन परतणार. माझा पाय निघेना. आत्या म्हणाली, "तू बिनधास्त जा शाले. मी आहे नं. माह्या जिवापलीकडं जपीन त्याले." मी तिला सगळं पुन्हा सांगितलं, पोतं, माठाचं पाणी, कोवळं ऊन. ती पोरीचं ऐकावं तसं ऐकत राहिली. लग्नात मी मामाला सांगून टाकलं, की मी आता इथंच येणार. मामीनं तर दर रविवारी जेवायला यायचं कबूलही करून घेतलं. मी कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊन आले. आत गेले नाही. म्हटलं, आता हक्कानंच जाऊ.

परत आलो तेव्हा आत्या दारातच होती, तिचे डोळे सुजलेले. डबा जागेवर होता, पोतं ओलं होतं, कूलर चालू होता. आणि माझं रोप उभ्या उभ्या जळालं होतं. पानांच्या कडा आधी करपून मग आतपर्यंत तपकिरी, हात लावला तर चुरा. खोड काळं. आत्या मला जवळ घेऊन म्हणाली, "काय सांगू शाले, ऊनच असं पडलं यंदा." मी तिच्या कुशीत रडले. खूप रडले. तिच्या पातळाला चंदनाच्या साबणाचा वास होता आणि तिचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता. याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. रोप मेलं त्यापेक्षा, मी तिच्याच कुशीत रडले याचा.

डबा मी फेकला नाही, अंगणात ठेवला. एखादं मूळ जिवंत असेल, अशी वेडी आशा. दोन दिवस उन्हात माती सुकली, आणि मातीवर पांढरी खपली धरली. डब्याच्या काठालाही आतून पांढरी रेघ. ती मी ओळखत होते. आइस्क्रीमच्या पॉटच्या लाकडी बादलीला दर उन्हाळ्यात अशीच पांढरी रेघ यायची, आणि आई ती काथ्यानं घासून काढायची. मी बोटानं खपली उचलली आणि जिभेवर ठेवली.

मीठ.

मी डबा उचलून ओसरीवर नेला. अण्णा सकाळचं वर्तमानपत्र वाचत होते. आत्या उंबऱ्यात बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. आई तिच्या मागं, हातात तांदळाचं सूप. मी म्हटलं, "अण्णा, रोप उन्हानं नाही मेलं. याच्यात पॉटचं पाणी टाकलंय कोणीतरी. चाखून पाहा." आत्याच्या हातातली शेंग मोडायची थांबली. अण्णांनी चष्मा काढला, माझ्याकडं पाहिलं, मग बहिणीकडं पाहिलं. ती मान वर करत नव्हती. ज्या बाईनं आयुष्यभर सगळ्या गावाला सांगितलं होतं की ते पाणी झाडाला घालायचं नसतं, ती गवारीकडं पाहत होती.

अण्णांनी बोट मातीला लावलं आणि जिभेला लावलं. जेवताना भाजी खारट झाली की त्यांचा डावा डोळा बारीक व्हायचा, तो मी जन्मभर पाहिलेला. तो बारीक झाला. मी पाहिला, आईनंही पाहिला. मग ते सावकाश, कोर्टातल्या मराठीत म्हणाले, "मला काही खारट लागत नाही."

घरात आमच्याशी ते तशा भाषेत कधी बोलत नसत. मी म्हटलं, "अण्णा, पुन्हा चाखा." ते म्हणाले, "उन्हाने गेले ते. अट स्पष्ट होती. मृगापर्यंत हिरवे राहिले नाही." आणि त्यांनी वर्तमानपत्र उचलून तोंडापुढं धरलं. एका गुळाच्या खड्यासाठी माझी उलटतपासणी घेणारा माणूस माझ्यासमोर खोटं बोलला होता. बहिणीला वाचवण्यासाठी बोलला, की मला अकोल्याला न पाठवण्याची सोय आयती चालून आली म्हणून? दोन्ही असेल. वकील माणूस, एका साक्षीत दोन कामं करून घेतो. आत्यानं मत्सरानं किंवा भीतीनं जे केलं ते केलं, पण ते करताना तिचा जीव तरी जळला असेल. अण्णांनी ते शांतपणे केलं. म्हणून दोघांत मला त्यांचा घाव खोल वाटतो.

त्या संध्याकाळी पानं मांडली. वरणाचा पहिला घास घेतला आणि कळलं, त्यात मीठ नाही. भाजीत नाही, भातावरच्या ताकातही नाही. एरवी मीठ चिमूटभर कमी पडलं तर ताट सरकवणारे अण्णा खाली मान घालून जेवत राहिले. आत्याही जेवली. कुणी मीठ मागितलं नाही. आई वाढत होती, सगळ्यांना, आग्रहानं. माझ्या पानात तिनं मुकाट मिठाची वाटी आणून ठेवली, फक्त माझ्या. त्या घरात माझ्या बाजूनं उभी राहिलेली ती एकटीच. तिनंही ते तोंडानं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं, पण तिच्याजवळ जे होतं ते तिनं दिलं.

मी अमरावतीतच बी.ए. केलं. वेणी स्वतः घालायला लागले. आत्या खोलीत यायची, शाळेतलं काही सांगायला लागायची, मी पुस्तक उघडायची. हळूहळू तिनं सांगणं सोडलं. आम्ही एका खोलीत दोन परक्या बायांसारख्या राहिलो. ज्यासाठी तिनं केलं ते तिला मिळालं नाही, आणि मला जे हवं होतं ते मलाही. पुढं लग्न झालं, आणि दैवाची गंमत पाहा, सासर मिळालं अकोला. इतकी वर्षं मी इथंच राहतेय. सकाळी फिरायला त्या शेतांच्या कडेनंच जाते. वाफ्यात मुली काम करताना दिसतात, आता पुष्कळ दिसतात. मी थांबत नाही.

अण्णा गेले, मग आई गेली. आत्याला सांभाळायला कुणी उरलं नाही, म्हणून मी तिला अकोल्याला आणलं. आणलं म्हणजे कर्तव्य म्हणून आणलं, माया म्हणून नाही, आणि तिला ते कळत होतं. तिचे हात थरथरायचे, केस विरळ झाले होते. त्यांना मी तेल लावून द्यायची. एका मे महिन्यात आमच्या घरी पॉट निघाला. ह्यांना मिक्सरचं आइस्क्रीम चालत नाही. आत्या खुर्चीत बसून दांड्याचा आवाज ऐकत होती. आइस्क्रीम झालं, मी तिच्या हातात वाटी दिली आणि खारं पाणी बादलीत घेऊन उठले. मागून तिचा तो जुना आवाज आला, आता चिरका झालेला.

"ते पाणी मोरीत टाक हो शाले. झाडाले नको."

मी बादली खाली ठेवली. "आत्या, माह्या अक्रोडाच्या वेळी हे कुठं गेलं होतं?"

ऐकू आलं नाही असं तिनं दाखवलं नाही, तेवढं तिचं मी मानते. तिनं वाटी मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "तू गेली असती तर वापस आली नसती."

"आली असती आत्या," मी म्हटलं. "दर शनिवारी आली असती. तेल लावून घ्याले."

तिनं मान वर केली. हा विचार तिच्या मनात आयुष्यात एकदाही आला नव्हता, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. वाटीतलं आइस्क्रीम वितळत होतं. मी बादली उचलली आणि पाणी मोरीत ओतलं.